उपाशी नाही, अजीर्ण: चढावर बंद पडणाऱ्या जिप्सीचं प्रकरण

भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या दिशेला माझ्या मित्राची डोंगरउताराची जमीन आहे. खालच्या विहिरीपासून वरच्या पडवीपर्यंत मुरमाची एक वाट जाते. वाट एकूण दीडशे मीटरची असेल, पण मधला पंचवीस-तीस मीटरचा टप्पा असा उभा आहे की चालत जाताना माणूस आपोआप गुडघ्यावर हात टेकतो. माझी जुनी जिप्सी याच टप्प्यावर चार महिन्यांत अकरा वेळा बंद पडली.

गाडी १९९२ ची, ९७० सीसी इंजिनची. मारुतीने १९८५ मध्ये जिप्सी आणली ती याच इंजिनावर. १३०० सीसीची जिप्सी किंग आली १९९६ मध्ये आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनचं इंजिन २००० मध्ये. म्हणजे माझी गाडी सगळ्या अर्थांनी जुन्या घराण्यातली, ४५ हॉर्सपॉवरची आणि कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भांड्यावर चालणारी. त्यातही मूळ कार्बोरेटर आधीच्या मालकाने काढून टाकलेला. त्या जागी ॲडॅप्टर प्लेट घालून भलत्याच गाडीचा दोन बॅरलचा कार्बोरेटर बसवला होता. कोणत्या गाडीचा ते त्यालाही आठवत नव्हतं. सपाटीवर गाडी छान चालायची, पुणे-भोर कधी कुरकुर नाही. म्हणून मीही कधी बॉनेट उघडून नीट पाहिलं नव्हतं.

चढावर काय व्हायचं? फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग अगदी कमी), पहिला गिअर, शांतपणे चढायला सुरुवात. उभा टप्पा लागला की दहाएक मीटरवर आवाज जड व्हायचा. मग इंजिन मिसिंग मारायचं, दोन-तीन वेळा खोकायचं आणि मरायचं. त्यानंतर सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली तरी चालू व्हायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू.

पहिलं निदान मीच केलं. गाडी उभ्या चढावर आहे, टाकी मागे खाली आहे, पेट्रोलला वर चढायचंय, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. गॅरेजवाल्यानेही मान डोलावली. टाकी काढून धुतली, फिल्टर बदलला, रबरी पाइप बदलले. फरक शून्य. मग इंजिनाच्या कॅमवर चालणारा मूळ डायफ्रामचा पंप काढून त्या जागी पत्र्याची पट्टी मारली आणि बाजारातला तगडा इलेक्ट्रिक पंप चॅसीला लावला. "आता कड्यावर पण पेट्रोल चढेल," असं आश्वासन मिळालं. पुढच्या रविवारी गाडी दहाऐवजी सहाव्या मीटरलाच मेली.

इथेच मला कळायला हवं होतं. पोट रिकामं म्हणून अन्न वाढवलं आणि दुखणं वाढलं, तर पोट रिकामं नव्हतंच. पण माणूस एकदा एका निदानावर खर्च करून बसला की त्याच निदानावर आणखी खर्च करतो. मी आणखी मोठा पंप शोधायला लागलो होतो.

एका ओळखीच्याने भोरमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. उमेदीची वर्षं त्यांनी पेट्रोलच्या जीपांवर घालवली. त्यांनी गाडीकडे न बघता आधी मलाच प्रश्न विचारला, "साहेब, बंद पडते तेव्हा वास येतो का?"

वास यायचा. पेट्रोलचा, डोळ्यांना झोंबेल इतका.

"आणि धूर?"

मागे उभा राहणारा मित्र म्हणाला, काळा.

"मग ही उपाशी कुठे आहे? हिला अजीर्ण झालंय."

पण चाचा नुसत्या वाक्यावर थांबणारे नव्हते आणि मीही एकदा हात पोळून घेतला होता. म्हणून ठरवलं की आता एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. आधी पुरावा.

पहिली चाचणी सोपी होती. तोच चढ गाडी उलटी घालून चढायचा, रिव्हर्समध्ये. गाडी मजेत गेली. धूर नाही, खोकला नाही, जवळजवळ वरपर्यंत. मी खूश झालो. कार्बोरेटर कुठल्या बाजूला झुकतो त्यावरच सगळं आहे, हे सिद्ध झालं असं मला वाटलं. चाचांनी डोकं हलवलं. जिप्सीची टाकी मागे असते. उलटं चढताना टाकी वर आणि इंजिन खाली, म्हणजे पेट्रोल स्वतःच्या वजनानेच उतरतं. पंप आजारी असता तरी गाडी अशीच चढली असती. एका चाचणीतून दोन अर्थ निघत असतील तर ती अर्धीच चाचणी, हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं.

दुसरी चाचणी जास्त घाणेरडी. गाडी सरळ चढवली, मरू दिली, लगेच किल्ली बंद केली, मागच्या चाकांखाली दगड लावले आणि जागेवरच प्लग काढले. चारही ओले, टोकाला काळी मखमलीसारखी काजळी. उपाशी मेलेल्या इंजिनाचे प्लग कोरडे निघतात. काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोल काठोकाठ. एअर फिल्टरचं झाकण उघडून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारला तर भिंती ओल्या, आणि घशात पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य नळीच्या टोकावरून थेंब टपकतोय. इंजिन बंद आहे, हवा ओढली जात नाहीये, तरी थेंब.

हे सगळं करताना एक माणूस अग्निशामक सिलिंडर हातात धरून उभा होता. कार्बोरेटरपासून एक वीत अंतरावर तापलेला एक्झॉस्ट असतो.

तिसरी चाचणी चाचांनी सुचवली आणि मला तीच सगळ्यांत आवडली. इलेक्ट्रिक पंपाच्या वायरला डॅशबोर्डवर एक साधं बटण बसवलं. उभा टप्पा सुरू होताना पंप बंद करायचा. मी म्हटलं, पेट्रोलच बंद केलं तर गाडी चढेल कशी? ते म्हणाले, "वाटीत आहे की तेवढं."

हिशोब केला. कार्बोरेटरच्या वाटीत, म्हणजे फ्लोट ज्यात तरंगतो त्या कप्प्यात, साधारण ५० मिली पेट्रोल मावतं. फोर-लोमध्ये रांगताना इंजिन मिनिटाला १०० मिलीच्या आसपास पितं असं धरलं, तर वाटी अर्धा मिनिट पुरते. पंचवीस मीटरचा टप्पा चालण्याच्या वेगाने पार करायला लागतात बावीस-तेवीस सेकंद. पंप बंद केला आणि गाडी चढली. चार महिन्यांत पहिल्यांदा, सरळ तोंडाने, पूर्ण टप्पा. वरच्या सपाटीवर पोचून वाटी संपल्यावर मगच ती बंद पडली. पेट्रोल तोडल्यावर जी गाडी चढते तिला पेट्रोल कमी पडतंय असं म्हणायला आता कुणाची जीभ रेटणार नव्हती.

मग वाटीच्या आत काय चाललंय ते बघणं आलं.

फ्लोट आणि नीडलची रचना विल्हेल्म मायबाखच्या १८९३ च्या कार्बोरेटरपासून मूळ कल्पनेत तीच आहे. आपल्या फ्लश टँकसारखी. पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि नीडल, म्हणजे सुईसारखी झडप, दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. मुख्य नळीचं तोंड पातळीपेक्षा थोडं वर ठेवलेलं असतं, म्हणजे हवा ओढली गेली तरच पेट्रोल बाहेर येतं, एरवी नाही. या "थोडं वर" मध्येच सगळी गोम आहे. गाडी उभी झाली की वाटी तिरकी होते, पण पेट्रोल आपली पातळी सोडत नाही. माझ्या गाडीत वाटी पुढच्या बाजूला आणि नळी तिच्या मागे होती. नाक वर झालं की वाटी वर, नळी खाली. वाटीच्या मध्यापासून नळीपर्यंतचं अंतर मी कॅलिपरने मोजलं. ३० मिमी भरलं. २० अंशांच्या चढावर एवढ्या अंतरात ११ मिमीचा फरक पडतो, ३० अंशांवर १७ मिमीचा. नळीचं तोंड पातळीच्या वर तेवढं नसेल तर इंजिनाने मागो न मागो, पेट्रोल ओघळणार.

वाटी मागे असती तर उलटं झालं असतं. चढावर पेट्रोल नळीपासून लांब पळालं असतं आणि गाडी खरोखर उपाशी मेली असती. म्हणून "चढावर बंद पडते" एवढंच सांगणाऱ्याला कुणी नेटवरून इलाज सांगितला तर तो निम्म्या वेळा चुकणारच. आधी बॉनेट उघडून वाटी कुठल्या तोंडाला आहे ते बघायचं.

कार्बोरेटर काढला आणि चाचांच्या गॅरेजबाहेरच्या ओट्यावर फळीला स्क्रूने आवळला. वाटीच्या खालच्या ड्रेन स्क्रूच्या जागी सलाईनची पारदर्शक नळी लावून ती बाजूला उभी धरली. आतली पातळी आता नळीत दिसायला लागली. पंपाच्या पाइपमध्ये टी घालून प्रेशर गेज लावला. फळीच्या कडेला माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यातून दोरा आणि दोऱ्याला नट. आजूबाजूची दोन पोरं हा काय खेळ म्हणून बघत उभी राहिली. त्यांना लांब पिटाळलं, बिडीवाल्यांनाही.

गेजने पहिलाच धक्का दिला, दाब साडेसहा पीएसआय. अशा कार्बोरेटरला अडीच-तीन पुष्कळ होतात. नीडलची सीट, म्हणजे नीडल जिथे टेकते ती बैठक, २ मिमी भोकाची. अडीच पीएसआयला त्या भोकातून नीडलवर साधारण साडेपाच ग्रॅमचा रेटा येतो, साडेसहाला सव्वाचौदा ग्रॅमचा. ग्रॅम ऐकून हसू येईल, पण फ्लोट म्हणजे पोकळ डबी, तिची ताकदही ग्रॅमातलीच. पंपाने रेटा वाढवला की वाट बंद करायला फ्लोटला आणखी बुडावं लागतं, म्हणजे पातळी वर चढते. सलाईनच्या नळीत ती जिथे हवी तिथून ४ मिमी वर दिसत होती. नीडलच्या रबरी टोकावर सीटची गोल खाच उमटली होती, तीही रेट्याला मदतच करत होती. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि जुनी रबरं त्याला किती दिवस तोंड देतील हा वेगळा प्रश्न आहेच. नीडल-सीट नवीन घातलं, ते वाद न घालता.

नीडल नवीन, पण रेटा साडेसहाचाच ठेवून फळी हळूहळू तिरकी केली. १३ अंशांवर नळीच्या टोकाला थेंब जमला, हलला आणि पडला. गाडी १३ अंशांवर मरत नसे, कारण चालू इंजिन थोडे जास्तीचे थेंब पिऊन टाकतं. जड आवाज तिथून सुरू होतो, मरण पुढे विशीच्या घरात.

दाब कमी करणारा रेग्युलेटर मध्ये घातला, अडीच पीएसआयवर आणला. पातळी खाली बसली. आता थेंब २० अंशांवर. काही न घडवता, काही न कापता सात अंश मिळाले. म्हणजे माझ्या चार महिन्यांच्या हट्टाची किंमत सात अंश होती.

इलेक्ट्रिक पंपाचा दुसरा गुन्हा तिथेच उघड झाला. पंप किल्लीवर चालत होता. चढावर इंजिन मेलं तरी किल्ली चालूच, म्हणून पंपही चालूच. मी सेल्फ मारत बसायचो आणि तो साडेसहाच्या रेट्याने तिरक्या वाटीत पेट्रोल कोंबत राहायचा, ते नळीवाटे थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या वाटेत. पंधरा मिनिटं गाडी चालू का होत नव्हती याचं उत्तर हे. मी किल्ली बंद करून वैतागून झाडाखाली जाऊन बसायचो तेव्हाच तिला वाळायला उसंत मिळायची. नंतर मुद्दाम मोजलं. तो पंप पाण्याची एक लिटरची बाटली मिनिटाच्या आत भरत होता. पूर्ण ताकदीला हे इंजिन तासाला तेरा-चौदा लिटर, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या आतच पितं.

या मोजमापावरून मला विमानांची एक गोष्ट आठवते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या हवाई लढाईत ब्रिटिश लढाऊ विमानांचं मर्लिन इंजिन नाक एकदम खाली घातलं की खोकायचं. जर्मन मेसरश्मिटला थेट इंजेक्शन असल्याने त्यांना ही अडचण नव्हती, ते सरळ सूर मारून निसटायचे. मर्लिनला फ्लोटचा कार्बोरेटर होता. नाक खाली जाताना आधी क्षणभर पेट्रोल तुटायचं, पण खरा घोटाळा त्यानंतरचा. फ्लोट भरकटून नीडल सताड उघडी राहायची आणि पंप पूर्ण रेट्याने वाटी भरून टाकायचा. फार्नबरोच्या संशोधन संस्थेतल्या बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी, ज्या मोटारसायकलच्या शर्यतीही जिंकायच्या, त्यावर भोकाची एक छोटी पितळी चकती काढली. इंजिनाला पूर्ण ताकदीला जेवढं लागतं तेवढंच पेट्रोल त्या भोकातून जाऊ शकायचं. मार्च १९४१ पर्यंत ती ब्रिटनच्या फायटर कमांडभर बसली. पूर्ण इलाज तो नव्हता, पण वैमानिकांना तेवढ्याने न कचरता सूर मारता आला. चाचांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "बाईंना कळलं ते तुमच्या त्या पंपवाल्याला नाही कळलं." खरं म्हणजे पंप मी मागितला होता. मी गप्प राहिलो.

रेग्युलेटर कायमचा ठेवला नाही. मूळ डायफ्रामचा पंप नवीन आणून कॅमवर परत बसवला, टाकीकडे परत जाणारी रिटर्न नळी साफ करून जोडली. इंजिन थांबलं की हा पंपही थांबतो, आणि उन्हात पाइपमध्ये वाफ धरली तर ती रिटर्नने निघून जाते. इलेक्ट्रिक पंपच हवा असेल त्याने निदान ऑइल प्रेशरच्या स्विचवरून तो चालवावा, म्हणजे इंजिन मेल्यावर तोही मरेल. माझ्या मते एवढ्या लहान इंजिनाला त्याची गरज नाही.

आता पातळी. फ्लोटची पितळी जीभ किंचित वाकवून पातळी ३ मिमी खाली आणली. फळीवर थेंब गेला २५ अंशांवर. मी उड्या मारल्या. संध्याकाळी गाडी रस्त्यावर काढली तर ॲक्सिलरेटर दाबला की एक क्षण रिकामा जायचा आणि मग झटका. पातळी खाली म्हणजे नळीतून पेट्रोल ओढायला जास्त जोर लागतो, सपाटीवर मिश्रण हलकं पडतं. इथेनॉलमुळे ते आधीच हलकं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ च पुरते. जुना जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, तसाच ठेवला तर इंजिन थोडं उपाशीच चालतं. चढावरचं अजीर्ण घालवताना सपाटीवर उपास घडवला होता. म्हणून पातळी निम्मी परत वर घेतली, मूळ जागेपासून दीड मिमी खाली, आणि मुख्य जेट एक नंबर मोठा टाकला. झटका गेला. थेंब साडेबावीस अंशांवर आला.

मित्राच्या वाटेचा सगळ्यांत वाईट टप्पा मोबाइलच्या पातळी दाखवणाऱ्या ॲपवर मोजला तर २६ अंश. टक्केवारीत सांगायचं तर जवळजवळ ४९. लोक २६ टक्के आणि २६ अंश यात गल्लत करतात. १०० टक्के चढ म्हणजे ४५ अंश. चौकशी करताना एकजण छातीठोकपणे म्हणाला, माझी जीप ६० अंश चढते. त्याच्याशी मी वाद घातला नाही.

साडेबावीस आणि सव्वीसमधलं अंतर भरायला दोन रस्ते होते. कार्बोरेटर ॲडॅप्टरवर नव्वद अंशांत फिरवायचा, म्हणजे वाटी पुढे न राहता बाजूला येते आणि चढ-उताराचा त्रास बराच मिटतो. पण मग गाडी आडव्या उतारावर कलली की तोच गोंधळ, आणि आडव्या उतारावर इंजिन मरणं मला जास्त भीतीदायक वाटतं. शिवाय ॲक्सिलरेटरच्या केबलची सगळी मांडणी बदलावी लागली असती. दुसरा रस्ता चाचांचा होता, सुताराचा म्हणा. पाचर.

कार्बोरेटरखाली ९० मिमी लांबीची हायलमची, म्हणजे उष्णतारोधक कडक फळीची, प्लेट घातली. पुढे ६ मिमी जाड, मागे १४. त्याने कार्बोरेटर सपाटीवरच पाच अंश नाक खाली करून बसतो. म्हणजे चढाचे पहिले पाच अंश त्याच्या खिजगणतीत नाहीत. प्लेट घासायला एक दिवस गेला. खरी डोकेदुखी स्टडची. पाचरीमुळे वरचं आणि खालचं तोंड समांतर राहत नाही, सरळ स्टड तिरका आवळला की कार्बोरेटरचा कान तुटतो. म्हणून प्लेटला खालून दोन आणि वरून दोन असे स्वतंत्र बोल्ट घेतले, प्रत्येक आपापल्या तोंडाला काटकोनात. बॉनेट आणि एअर फिल्टरमध्ये जेमतेम बोटभर जागा उरली. हायलम उष्णता अडवतं, हा वरचा फायदा. मे महिन्यात गाडी बंद केल्यावर वाटीतलं पेट्रोल उकळायचं, ते कमी झालं.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आणि फुकटचं होतं. वाटीला हवा देणारी एक छोटी नळी कार्बोरेटरच्या घशात उघडते. दगडावर गाडी आदळली की तिच्यातून पेट्रोल हिंदकळून घशात सांडायचं आणि एक खोकला यायचा. तिच्यावर पेट्रोलला टिकणारा चार सेंटीमीटरचा रबरी तुकडा चढवला, वरचं तोंड तिरकं कापून. तो एअर फिल्टरच्या डब्याच्या आतच ठेवला. बाहेर काढला असता तर वाटीवरचा आणि घशातला हवेचा दाब वेगळा झाला असता, फिल्टरवर धूळ जमेल तसं मिश्रण बदलत गेलं असतं.

अमेरिकेतले जीपवाले अशा कामासाठी मोटरक्राफ्ट २१०० नावाचा जुना कार्बोरेटर भंगारात शोधत फिरतात, चढावर तो तोल सोडत नाही अशी त्याची ख्याती आहे. आपल्याकडे मला बऱ्याच जणांनी सांगितलं, किंगचं इंजेक्शनचं इंजिनच टाक ना. टाकता आलं असतं. इंजेक्शनला फ्लोटच नसतो, ही सगळी कटकट मुळातून संपते. पण त्यात कॉम्प्युटर, वायरिंग, टाकीतला पंप आणि कागदपत्रं आली. जी गाडी दोरा, नट आणि कोनमापकाने दुरुस्त होते, ती मला तशीच हवी आहे. हा हट्ट आहे, मान्य.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या रविवारी परत त्या वाटेवर गेलो. मित्राने उभ्या टप्प्याच्या कडेला चुन्याने खुणा केल्या होत्या, मागच्या अकरा मरणांच्या. बंद पडली तर काय करायचं ते आधीच ठरवलं होतं. पाय ब्रेकवर घट्ट, कारण इंजिन मेलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. किल्ली बंद, क्लच दाबून फोर-लोचा रिव्हर्स टाकायचा, क्लच सोडायचा, मग ब्रेक अगदी हळू मोकळा करून गिअरमध्येच सेल्फ मारायचा. चालू झालं तर इंजिन गाडीला आपल्या वेगाने खाली उतरवतं, नाही झालं तरी गिअर धरून ठेवतो. न्यूट्रलमध्ये घरंगळायचं नाही, गाडी आडवी वळवायची तर मुळीच नाही.

यातलं काही लागलं नाही. पहिली खूण गेली, दुसरी गेली, सहाव्या मीटरची ती लाजिरवाणी खूण गेली. सव्वीस अंशांच्या पट्ट्यात आवाज किंचित जड झाला, पण खोकला आला नाही. मागे उभ्या मित्राने धुराचा रंग ओरडून सांगायचा होता. तो काहीच ओरडला नाही म्हणून मीच काच खाली करून विचारलं, "काय रे?" "काही नाही," तो म्हणाला, "दिसतच नाहीये."

नंतर शेजारच्या एका नागड्या खडकावर मुद्दाम जास्त उभी घातली. ३१-३२ अंशांच्या आसपास जुनी लक्षणं परत दिसली. त्यापुढे माझीच छाती होत नाही, तेव्हा ते पुरे. पाचरीची किंमत नाक खाली असताना चुकवावी लागते. रिव्हर्समध्ये चढताना आता बावीसच्या पुढे इंजिन उपाशी पडतं, प्लग काढले तर कोरडे आणि पांढुरके. आधी ज्या दिशेने मजेत चढायची ती दिशा गेली. गाडी उजवीकडे फार कलली की अजूनही एखादा खोकला येतो, त्यावर मी काही केलेलं नाही.

आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं. कॅमवरचा पंप इंजिन फिरल्याशिवाय ती भरत नाही, म्हणून सोमवारी सकाळी सोसायटीत दहा-बारा सेकंद सेल्फ कोकलत राहतो. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून डोकावून विचारतात, "पेट्रोल पोचत नाहीये का हो?"